मनगटाचं लिगामेंट फाटलंय, दुर्बिणीचं ऑपरेशन सांगितलंय: पहिल्या दिवसापासून सहाव्या महिन्यापर्यंत

"एक्स-रे नॉर्मल आलाय, मग दुखतंय कशाला?" हाताची फिजिओथेरपिस्ट म्हणून हा प्रश्न मी जितक्या वेळा ऐकलाय तितका दुसरा कुठलाच नाही. विचारणारा कधी पावसात स्कूटर घसरलेला कॉलेजचा मुलगा असतो, कधी दहीहंडीच्या थरावरून खाली आलेला गोविंदा, कधी ओल्या न्हाणीघरात पाय घसरलेल्या काकू. पडण्याची तऱ्हा मात्र तिघांचीही एकच. पडताना हात आपसूक पुढे गेला, तळवा जमिनीला टेकला आणि अंगाचा सगळा भार मनगटावर आला. हाड मोडलं नाही म्हणून घरच्यांचा जीव भांड्यात पडला, क्रेप बँडेज गुंडाळलं, आठवडाभर शेकलं. तीन महिन्यांनी तोच माणूस माझ्यासमोर बसतो तेव्हा त्याला कुलुपात किल्ली फिरवता येत नसते.

एक्स-रेत हाडं दिसतात. हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारे अस्थिबंध, म्हणजे आपण सगळे ज्यांना लिगामेंट म्हणतो ते, दिसत नाहीत. ते फाटले की कधीकधी दुर्बिणीतून, अगदी छोट्या छिद्रांमधून, दुरुस्त करता येतात. हे ऑपरेशन कुणी नुकतंच सांगितलं असेल, किंवा दुखणं घेऊन अजून कुणाकडे गेलाच नसाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच सांगते, कारण पुढे सगळा घोळ तिथेच होतो: छिद्र लहान असतं, पण लिगामेंट जुळायला लागणारा वेळ लहान नसतो.

आत काय आहे

मनगट म्हणजे एक सांधा नाही. हाताच्या दोन लांब हाडांपुढे आठ छोटी हाडं दोन रांगांत बसलेली असतात, नदीतल्या गोट्यांसारखी. त्यांना जागेवर ठेवतात ते लिगामेंट. डॉक्टरांच्या कागदावर तुम्हाला बहुतेक वेळा यातल्या दोनांपैकी एक नाव दिसेल.

पहिलं स्कॅफोल्यूनेट लिगामेंट. स्कॅफॉइड हे अंगठ्याच्या बाजूचं, नावेच्या आकाराचं हाड. त्याच्या शेजारचं ल्यूनेट, चंद्रकोरीसारखं. या दोघांना बांधणारा हा बंध इंग्रजी सी अक्षरासारखा वळलेला असतो, त्याचे तीन भाग असतात, आणि मनगटाच्या पाठीकडचा भाग सगळ्यांत मजबूत. तो तुटला की नाव एकीकडे कलते आणि चंद्रकोर दुसरीकडे. सुरुवातीला हे फक्त जोर लावल्यावर होतं, पुढे हाडं तशीच राहतात, आणि काही वर्षांत सांध्याची झीज सुरू होते. ही झीज ठरावीक क्रमानेच पुढे सरकते, हे अमेरिकेतल्या वॉटसन आणि बॅलेट या शल्यविशारदांनी १९८४ मध्ये मांडलं. म्हणून या लिगामेंटच्या बाबतीत "बघू, पुढच्या दिवाळीनंतर" परवडत नाही.

दुसरं टीएफसीसी. हे एक लिगामेंट नाही, करंगळीच्या बाजूला असलेली त्रिकोणी कूर्चेची गादी आणि तिच्या भोवतीचे बंध असा तो सगळा संच आहे. हात उताणा-पालथा करताना हाताची दोन्ही लांब हाडं एकमेकांना धरून राहतात ती याच्यामुळे. तळव्यावर भार दिला की साधारण ८० टक्के भार अंगठ्याकडच्या हाडातून जातो आणि उरलेला सुमारे २० टक्के या गादीतून. या गादीच्या फक्त बाहेरच्या काठाला रक्तपुरवठा असतो, मधल्या भागाला नसतो. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ऑपरेशनमध्ये टाका घालायचा की फाटका तुकडा फक्त छाटून साफ करायचा, हे यावरच ठरतं. जिथे रक्त पोचत नाही तिथे टाका घालून काही जुळत नाही.

पडल्यानंतरचे पहिले दोन आठवडे

आधी अंगठ्या आणि बांगड्या काढा. हिरव्या बांगड्या फोडायच्या नाहीत म्हणून हात सुजेपर्यंत थांबलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. मग त्या कापाव्याच लागतात. साबण लावून पहिल्या तासातच उतरवून ठेवा. हात छातीपेक्षा उंच ठेवा, फडक्यात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं लावा, मनगटाला आधार द्या.

आणि हात कुणाकडून चोळून, ओढून, "बसवून" घेऊ नका. गावात लचक काढणारे असतात, त्यांचा हेतू वाईट नसतो, आणि साध्या लचकेला त्यांच्या हाताने बरंही वाटत असेल. पण अर्धवट फाटलेलं लिगामेंट झटका देऊन ओढलं तर ते पूर्ण फाटू शकतं. हाड मोडलं असेल तर त्याहून वाईट. इथे मी जराही मागेपुढे पाहणार नाही: मनगटाला झटका नाही म्हणजे नाही.

हाडांच्या डॉक्टरांकडे पहिल्या दोन-तीन दिवसांतच जा. अंगठा ताणून वर केला की त्याच्या मुळाशी खळगा पडतो. तिथे दाबल्यावर दुखत असेल तर स्कॅफॉइडला चीर गेलेली असू शकते, आणि ती पहिल्या एक्स-रेत चुकू शकते. अशा वेळी डॉक्टर प्लास्टर घालून दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढायला सांगतात, किंवा लगेच एमआरआय करतात. त्या दुसऱ्या एक्स-रेला जा. "दुखणं कमी झालं म्हणून आलो नाही" असं म्हणणाऱ्यांची पुढची वर्षं फार त्रासाची जातात.

दोन-तीन आठवड्यांनी सूज उतरली, तरी दुखणं उरलं, तर ते नेमकं कुठे आणि कधी दुखतं याची वहीत नोंद ठेवा. डॉक्टरांसमोर "असंच दुखतं" म्हणण्यापेक्षा ही नोंद शंभर पटीने उपयोगी. टीएफसीसीचं दुखणं करंगळीच्या बाजूला येतं: ओलं फडकं पिळताना, बरणीचं घट्ट झाकण उघडताना, भरलेल्या तांब्यातून पाणी ओतताना, स्कूटरचा अॅक्सिलरेटर पिळताना. खुर्चीच्या दांड्यांवर दोन्ही तळवे टेकून अंग उचलून पाहा. करंगळीच्या बाजूला नेमकी कळ आली तर संशय पक्का धरा. स्कॅफोल्यूनेटचं दुखणं मनगटाच्या पाठीवर, मधोमध किंवा जरासं अंगठ्याकडे असतं. कणीक मळताना, सूर्यनमस्कारात तळव्यांवर भार घेताना, जड पिशवी उचलताना जाणवतं, आणि कधी आत काहीतरी खटकन सरकल्यासारखं वाटतं. पकडीतला जोर गेल्याचं तर दोन्ही प्रकारांत सगळेच सांगतात. "चहाचा कप हातातून सुटतो" हे वाक्य ऐकलं की मी कान टवकारते.

कुणाकडे जायचं, कोणत्या तपासण्या होतील

मनगटाची दुर्बीण हे गुडघ्याच्या दुर्बिणीचं छोटं भावंड वाटतं, पण हात बसायला वेगळा सराव लागतो. म्हणून हॅन्ड सर्जन गाठा. आपल्याकडे हाताची शस्त्रक्रिया ऑर्थोपेडिक आणि प्लास्टिक सर्जरी, दोन्ही वाटांनी आलेले डॉक्टर करतात. दोन्ही चालतील. मनगटाची दुर्बीण ते स्वतः नियमित वापरतात का, एवढं सरळ विचारा. यात अपमान वाटण्यासारखं काही नाही, आणि चांगले डॉक्टर अशा प्रश्नाचं उत्तर आनंदाने देतात.

ते आधी बोटाने तपासतील. स्कॅफॉइडवर तळव्याच्या बाजूने अंगठा दाबून मनगट हलवतील, हाड सरकतं का ते पाहतील. करंगळीच्या बाजूला हाडाचा उंचवटा आणि त्यापुढचा कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) यांच्या मधल्या खोलगट जागेत दाबतील. दुखणाऱ्या हातासोबत चांगला हातही तपासतील, कारण काही माणसांचे सगळेच सांधे मुळात सैल असतात.

मग एक्स-रे. साधा एक्स-रे पुरेसा नाही. मूठ घट्ट आवळून काढलेला, आणि दोन्ही हातांचा, मागा. मूठ आवळली की पुढच्या रांगेतलं मधलं हाड स्कॅफॉइड आणि ल्यूनेट यांच्यामध्ये पाचरीसारखं घुसू पाहतं आणि बंध तुटला असेल तर फट उघडते. ३ मिलिमीटरपेक्षा जास्त फट म्हणजे लिगामेंट गेल्याची दाट शक्यता. समोरच्या दातांत फट असलेल्या टेरी-थॉमस या ब्रिटिश विनोदी नटाचं नाव या खुणेला मिळालंय. एक्स-रेवरची ती फट एकदा पाहिली की नाव का पडलं ते लगेच कळतं.

एमआरआय बऱ्याचदा होतोच. त्याच्याबद्दल दोन गोष्टी समजून घ्या. एक, एमआरआयमध्ये छोटी फाट चुकू शकते. सांध्यात औषध टाकून काढलेला एमआरआय जास्त बारकाईने दाखवतो, आणि तरीही शंका उरली तर शेवटचा निवाडा दुर्बिणीचाच. दोन, उलटही होतं. पन्नाशीनंतर टीएफसीसीच्या मधल्या भागात झिजून पडलेलं भोक काहीही त्रास नसलेल्या माणसांतही सापडतं. तेव्हा रिपोर्टमध्ये "टेअर" शब्द आहे म्हणून घाबरू नका. तुमचं दुखणं आणि रिपोर्टमधली जागा जुळते का, हा प्रश्न डॉक्टरांना विचारा. जुळत नसेल तर ऑपरेशनची घाई नको.

ऑपरेशन लागेलच असं नाही

टीएफसीसी फाटलंय पण हाताची दोन लांब हाडं एकमेकांपासून डुगडुगत नाहीत, अशा वेळी आधी चार ते सहा आठवडे स्प्लिंट (मनगट हलू न देणारा आधार), मग व्यायाम, कधी सांध्यात एखादं इंजेक्शन, असाच रस्ता बहुतेक डॉक्टर धरतात. बरेच जण इथेच बरे होतात. करंगळीकडचं हाड जन्मतःच लांब असेल तर ते गादीला खालून टोचत राहतं. तिथे नुसती गादी शिवून भागत नाही, हाडाची लांबीही कमी करावी लागते. एक्स-रे पाहताना हे आवर्जून विचारा.

स्कॅफोल्यूनेटचं गणित मात्र वेळेचं आहे. अर्धवट फाट असेल तर स्प्लिंट आणि योग्य स्नायूंचे व्यायाम यांनी भागू शकतं. पण पूर्ण तुटलेला बंध पहिल्या सहा आठवड्यांच्या आत सापडला तर तो जुळवायची संधी सगळ्यांत चांगली असते. त्यानंतर तुटलेली टोकं आकसतात, विरतात. मग दुरुस्तीऐवजी शरीरातलाच दुसरा कंडरा वापरून नवा बंध उभारावा लागतो. हाँगकाँगच्या डॉ. पी. सी. हो यांनी हे नवं बंध उभारणंही दुर्बिणीच्या मदतीने, पुढून आणि मागून चौकट बांधल्यासारखं, करण्याची पद्धत विकसित केली. पण झीज एकदा पुढे गेली की ना दुरुस्ती ना नवा बंध. मग काही हाडं काढणं किंवा एकमेकांना सांधणं एवढंच उरतं. म्हणून मी सारखं वेळेबद्दल बोलते.

दुर्बिणीतून करतात म्हणजे काय

गुडघ्याचा सांधा मोठा, त्यात दुर्बीण लवकर गेली. मनगटासाठी ती बारीक व्हावी लागली. जपानच्या मासाकी वातानाबे यांनी १९७० मध्ये १.७ मिलिमीटर जाडीची दुर्बीण बनवली, १९७९ मध्ये चेन यांनी मनगट आणि बोटांच्या सांध्यांतला अनुभव प्रसिद्ध केला, आणि पुढच्या दशकात उत्तर अमेरिकेत व्हिपल, पोहलिंग आणि रॉथ यांनी आत शिरायच्या वाटा नीट बसवून दिल्या. आज वापरतात ती नळी साधारण १.९ ते २.७ मिलिमीटरची, म्हणजे पेनच्या रिफिलपेक्षाही बारीक.

तुमचा हात उभा टांगतात. बोटांना जाळीचे मऊ टोप घालून वर अडकवतात आणि साधारण पाच-सहा किलोचा ताण देतात, जेणेकरून हाडांमध्ये थोडी जागा होईल. हातात नुसती भूल दिली असेल तर तुम्ही जागे असता, आणि बऱ्याच ठिकाणी पडद्यावर आपलं मनगट आतून पाहता येतं. मनगटाच्या पाठीवर बोटं ताठ करणाऱ्या कंडरांच्या मधून दोन-तीन छोटी छिद्रं पाडतात. एकातून दुर्बीण, दुसऱ्यातून टोकाशी वाकवलेली बारीक सळई. पूर्वी सांधा सलाईनने फुगवायचेच. आता स्पेनच्या डेल पिन्याल यांनी रूढ केलेल्या कोरड्या पद्धतीनेही काही डॉक्टर काम करतात, त्यात हात सुजत नाही.

खरी परीक्षा त्या सळईने होते. टीएफसीसीची चांगली गादी सळईने दाबली तर डफाच्या ताणलेल्या कातड्यासारखी उसळते. सुटलेली गादी ओल्या कापडासारखी खाली दबते. स्कॅफोल्यूनेटसाठी चार पायऱ्यांचं मोजमाप आहे, गाइसलर यांनी १९९६ मध्ये दिलेलं: पहिलीत बंध फक्त ढिला पडलाय, तिसरीत फटीतून सळई जाते, चौथीत दुर्बीणच आरपार जाते. ऑपरेशननंतर तुमच्या कागदावर हा आकडा लिहिलाय का पाहा. पुढचं वेळापत्रक त्यावर ठरतं.

मग दुरुस्ती. टीएफसीसीचा काठ सांध्याच्या आवरणाला शिवतात. बंध हाडाच्या मुळापासून उपटला असेल तर हाडात बारीक बोगदा पाडून किंवा छोटा खुंटा बसवून तो परत तिथेच बांधतात. नुसता मधला भाग फाटला असेल तर लोंबणारा तुकडा साफ करतात. स्कॅफोल्यूनेटमध्ये हाडं जागेवर आणून बारीक तारांनी धरून ठेवतात, आणि पॅरिसच्या मातुलॅं यांच्या पद्धतीने बंधाचं उरलेलं टोक पाठीकडच्या आवरणाला दुर्बिणीतूनच शिवता येतं. चौथ्या पायरीची दुखापत असेल तर सर्जन मोठा छेद घ्यायचं ठरवू शकतात. याची संमती आधीच मागतात. त्यात काही लपवाछपवी नसते. आत गेल्याशिवाय खरं चित्र दिसत नाही, म्हणून.

मोठ्या छेदापेक्षा यात फायदा काय? मनगटाच्या पाठीकडच्या आवरणात सांधा कुठे आहे, किती ताण आलाय हे मेंदूला कळवणाऱ्या बारीक नसा असतात. त्या वाचतात, आणि सांधा कमी आखडतो. धोके आहेत, पण थोडे: दहा हजारांहून जास्त मनगटांच्या एका मोठ्या आढाव्यात गुंतागुंतीचं प्रमाण सुमारे ६ टक्के होतं. त्यात काही दिवस राहणारी बधिरता, आखडणं, क्वचित नसेला इजा. करंगळीच्या बाजूच्या छिद्राजवळून एक बारीक नस जाते, तिला सर्जन फार जपतात.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस

तंबाखू बंद. विडी-सिगारेट, मिश्री, मावा, सगळंच. रक्तवाहिन्या आकसल्या की जुळण्याचा वेग मंदावतो. साखर आटोक्यात आणा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना सांगा, स्वतःहून थांबवू नका. नेलपॉलिश काढा, हातावर ताजी मेंदी असेल तर भूल देणाऱ्या डॉक्टरांना कळवा, कारण बोटातला ऑक्सिजन मोजताना अडथळा येऊ शकतो. साधारणपणे घन अन्न सहा तास आणि साधं पाणी दोन तास आधी थांबवतात, पण तुमच्या दवाखान्याने सांगितलेली वेळच खरी धरा.

घराची तयारी कुणी सांगत नाही म्हणून मी सांगते. पुढचे सहा आठवडे एकाच हाताने जगायचंय. पुढे बटणं असलेले सैल कुडते किंवा सदरे काढून ठेवा. बायकांनी नाडीऐवजी इलास्टिकचा परकर शिवून घ्यावा. टूथपेस्ट, शाम्पू दाबून उघडायच्या झाकणाचं घ्या. गॅसवरची जड पातेली खालच्या कप्प्यात आणून ठेवा. उजवा हात असेल तर बँकेची सही आणि मोबाइलचं अंगठ्याचं लॉक, दोन्हीचा विचार आधीच करा. घरात लहान बाळ असेल तर कडेवर घ्यायला माणूस ठरवून ठेवा. सगळ्यांत जास्त पथ्य मोडतं ते इथे.

खर्चाचं बोलणं भरती होण्याआधी करा. तारा, खुंटा, दुर्बिणीत वापरायचं एकदाच वापरून टाकायचं साहित्य, फिजिओथेरपी, तारा काढायचं दुसरं छोटं काम, यांतलं पॅकेजमध्ये काय आहे ते लिहून घ्या. विमा असेल तर पूर्वपरवानगी. सरकारी योजनेत बसतं का हे योजनेतल्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्रांना रेशनकार्ड आणि आधार दाखवून विचारा.

पहिले दहा दिवस

भुलेचं इंजेक्शन बगलेत किंवा गळपट्टीच्या हाडाजवळ दिलेलं असेल तर हात बरेच तास लाकडासारखा असतो. गरम चहा, इस्त्री, दाराची फट यांपासून त्याला जपा. भाजलं तरी कळणार नाही. मुंग्या यायला लागल्या की दुखणं पूर्ण जागं व्हायची वाट पाहू नका, सांगितलेली गोळी तेव्हाच घ्या. पहिली रात्र यामुळेच सोपी जाते.

हात उशांवर, कोपरापेक्षा पंजा वर. झोळीत हात अडकवून दिवसभर फिरू नका, पंजा खाली लोंबतो आणि खांदा आखडतो. आणि बोटं हलवा. दर तासाला, पूर्ण उघडून, हलकेच मिटून, दहा वेळा. सोबत हातही खांद्यातून डोक्यावर न्या. प्लास्टर मनगटाला आहे, बोटांना नाही. ऑपरेशन उत्तम होऊन बोटं आखडल्यामुळे रडणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि ते रडणं टाळता येण्यासारखं होतं.

लगेच दवाखान्यात जायचं कधी? बोटं पांढरी किंवा निळी पडली, बधिरपणा वाढत गेला, गोळी घेऊन आणि हात उंच ठेवूनही दुखणं चढतच राहिलं, ताप आला, किंवा पट्टीतून पू आला. रात्रीचे दोन वाजले असले तरी जा. प्लास्टर घट्ट असेल तर ते कापणं पाच मिनिटांचं काम असतं.

टाके असतील तर साधारण दहा ते चौदा दिवसांनी निघतात. त्या दिवशी तीन बारीक डाग पाहून घरचे म्हणतात, "अरे, एवढंसंच? मग भाकरी थापायला काय हरकत आहे?" हरकत आहे. आतला टाका दोरा आहे, लिगामेंट नाही. लिगामेंट अजून तयार व्हायचंय.

स्प्लिंटचे आठवडे

टीएफसीसी शिवलं असेल तर साधारण चार ते सहा आठवडे हात उताणा-पालथा करायचा नाही, म्हणून स्प्लिंट कोपराला धरून असतो. लोक जेवताना तो काढतात. चमच्याने घास तोंडाकडे नेताना हात नेमका उताणाच होतो. डाव्या हाताने जेवा, नाहीतर कुणी भरवलं तर भरवून घ्या.

स्कॅफोल्यूनेटसाठी तारा घातल्या असतील तर त्या बहुधा सहा ते दहा आठवडे राहतात. टोकं कातडीबाहेर असतील तर जागा कोरडी ठेवा, सांगितल्याप्रमाणेच पुसा, हळद किंवा घरगुती लेप लावू नका. पावसाळ्यात प्लास्टरवर प्लॅस्टिकची पिशवी बांधूनही पाणी शिरतं. अंग पुसून घेणं बरं.

या काळात सगळ्यांत जास्त केली जाणारी चूक म्हणजे स्पंजचा बॉल दाबत बसणं. घरचे प्रेमाने आणून देतात, "ताकद येईल" म्हणून. मूठ आवळून काढलेला एक्स-रे आठवा. मूठ आवळली की दुरुस्त केलेल्या बंधावरच ताण येतो. थेरपिस्ट सांगेपर्यंत बॉल कपाटात ठेवा.

व्यायाम, आणि परत कामावर

स्प्लिंट निघाल्यावर मनगट गंजलेल्या बिजागरीसारखं वाटतं. घाबरू नका, जोरही लावू नका. दुसऱ्या हाताने ढकलून वाकवायचं नाही. स्वतःच्या ताकदीने जेवढं वाकतं तेवढंच. कोमट पाण्यात हात ठेवून दिवसातून चार-पाच वेळा. स्कॅफोल्यूनेटच्या दुरुस्तीनंतर पहिली हालचाल बहुधा तिरकी देतो: हातोडीने खिळा ठोकताना मनगट जसं वर अंगठ्याकडून खाली करंगळीकडे येतं, तशी. त्या वाटेवर स्कॅफॉइड आणि ल्यूनेट एकमेकांवर फारसे सरकत नाहीत, त्यामुळे दुरुस्ती सुरक्षित राहते. टीएफसीसीत उताणा-पालथा हळूहळू, कोपर कमरेला टेकवून, हातात काहीही न धरता सुरू होतो.

ताकदीचे व्यायाम साधारण आठ ते बारा आठवड्यांनी. कोणते स्नायू वाढवायचे हेही दुखापतीवर ठरतं: अंगठ्याच्या बाजूचे काही स्नायू स्कॅफोल्यूनेटची फट मिटवायला मदत करतात, करंगळीच्या बाजूचा एक स्नायू ती उघडू पाहतो. त्यामुळे यूट्यूबवरचा "मनगटाचे दहा व्यायाम" हा व्हिडिओ तुमच्यासाठी नाही. ट्रेमध्ये गोटी घेऊन ती काठाला न लावता गोल फिरवणं, हा माझा आवडता व्यायाम. दिसायला खेळ, पण मनगट स्वतःला सावरायला त्यातून शिकतं.

टेबलावरचं काम, टायपिंग, डॉक्टरांनी हो म्हटलं तर स्प्लिंटमध्येच दोन-तीन आठवड्यांत जमतं. दुचाकी साधारण तीन महिने नाही; ब्रेक अचानक दाबावा लागला तर हात ऐनवेळी दगा देईल, आणि समोर दुसऱ्याचं पोर असेल. गवंडी, सुतार, शेतात खुरपणारी बाई, यांना तीन ते सहा महिने धरावे लागतात. ज्यांची चूल रोजच्या मजुरीवर पेटते त्यांना हे सांगताना माझा जीव तुटतो, पण आधी सांगितलं तर ते उन्हाळ्यातली सुगी संपवून ऑपरेशनची तारीख ठरवू शकतात किंवा मालकाशी बोलू शकतात. मात्र स्कॅफोल्यूनेट ताजं तुटलेलं असेल तर सुगीसाठीही थांबू नका. बॅडमिंटन, कबड्डी, जिममधला बेंच प्रेस सहाव्या महिन्याच्या आसपास, तेही पकडीची ताकद मोजल्यावर. आम्ही डायनामोमीटरने दोन्ही हात मोजतो आणि आकडा लिहून देतो; तो कागद जपून ठेवा.

मनगटाची शेवटची थोडी वाक काही जणांना परत मिळत नाही. चांगल्या झालेल्या ऑपरेशननंतरही. बहुतेकांना रोजच्या कामात ती आठवतही नाही, फक्त तळवा पूर्ण सपाट टेकायच्या आसनांत जाणवते. सूर्यनमस्कार पुन्हा सुरू करताना पहिले काही महिने मुठींवर किंवा जमिनीवर ठेवायचे पुश-अपचे दांडे धरून करा, मनगट सरळ राहील असे. आणि जमिनीवरून, पाटावरून उठताना तळवा टेकून अंग उचलायची सवय आपल्या सगळ्यांनाच असते. त्याऐवजी मूठ टेका किंवा पुढे गुडघ्यावर दुसरा हात ठेवून उठा. ही सवय ऑपरेशनच्या आधीच्या आठवड्यातच लावून घ्या, म्हणजे नंतर अर्धवट झोपेत उठतानाही चूक होणार नाही.